शेंदराच्या दगडामागचा डबा

रविवार, संध्याकाळ. राळेगाव

सापडला! लोकांनी लपवलेले डबे शोधायच्या खेळासाठी मी सेकंडहँड, सेलवर चालणारा जीपीएस घेतला, तेव्हा हे हसले होते. "मोबाईल असताना हे खेळणं कायले?"

आज नाल्याजवळ यांच्या मोबाईलले रेंजच नाही, नकाशा उघडेना. माझ्या जीपीएसचा बाण मात्र शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या, एका दगडापाशी थांबला. पण दगडाले शेंदूर, पुढं नारळ! डबा लपवला तेव्हा साधाच दगड असेल, मग कोणीतरी देव केला.

"चाल, तुझं यंत्र चुकलं."

चुकलं? काहून चुकेल? बाण तर हालत नव्हता. मी चपला काढल्या, हात जोडले अन् दगडामागं चाचपलं. डबा!

निघताना यांनी नमस्कार केला. दगडाले की माझ्या जीपीएसले, मी विचारलं नाही.