अर्जाखालची ओळ

१९ जुलै

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

दोन वर्षांत तुझं उत्तर नाही, म्हणजे प्रकृती उत्तम असावी. आजारी माणसाला एवढा हट्ट झेपत नाही. माझे गुडघे वाईटच, पण बरे म्हणायचे. नळ दुरुस्त करता आला नाही की तुझी वहिनी मला अजून ‘शास्त्रीबुवा’ म्हणते. दवाखान्याची खिडकी तीच, तिच्यामागचा कारकूनही तोच, मी. तुझ्या जागी आलेली नर्स शांत आहे, कुणाशी भांडत नाही. भांडायला हवी होती.

इस्त्रीवाली आठवते ना? चौथ्या बाळंतपणात तिचं रक्त थांबेना, तेव्हा तू तिच्या उशाशी बसली होतीस. पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल, हे डॉक्टरांनी तुझ्यादेखतच सांगितलं होतं.

तू दवाखाना सोडल्यावर ती मूल बंद करायच्या ऑपरेशनसाठी तीनदा आली. अर्ज पूर्ण भरलेला, फक्त खालची ‘पतीची संमती’ ही ओळ कोरी. नवरा सही करेना. लोक नावं ठेवतील म्हणायचा. तिसऱ्या वेळी ती खिडकीतून म्हणाली, “भाऊ, पोट माझं, कळा माझ्या, मग सही त्याची कशाला?”

मी म्हणालो, “पाणिग्रहणात हात देऊन बसलीस, बाई. आता सही कुठल्या हाताने करणार?”

रांग हसली. तीही हसली. अर्जाची कडक घडी घातली नि गेली.

गेल्या मंगळवारी पाचव्या बाळंतपणात ती वारली. मूलही वाचलं नाही.

आता जे दोन वर्षं टाळलं ते लिहितो. “दादा, हा नियम कुठे छापलाय ते दाखव,” म्हणून दवाखाना सोडण्याआधी तू माझ्या टेबलावर हात आपटला होतास. मी ‘प्रथा आहे’ म्हणालो. प्रथा कसली! बारा वर्षांपूर्वी एका नवऱ्याने भर दवाखान्यात माझी गचांडी धरली: “मला न विचारता बायकोचं ऑपरेशन कसं केलंत?” दुसऱ्या दिवशी मी पट्टी घेऊन अर्जाच्या तळाशी ती ओळ आखली नि त्याच्याच प्रती काढत राहिलो. अक्षर चांगलं, म्हणून सगळ्यांना ती सरकारी वाटली. किती बायका त्या ओळीपासून परत गेल्या, देव जाणे. मी फक्त हिलाच मोजतोय, कारण हिचं तोंड आठवतं.

सोमवारी चौकशी आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, “जुनी पद्धत म्हणा, कुणाचंच नाव येणार नाही.” मी लेखी जबाब देऊन टाकलाय. त्यात ओळ माझी आहे, बाई तीनदा आली होती नि मी विनोद केला होता, असं सगळं आहे. तुझ्या वहिनीला अजून सांगितलेलं नाही. नोकरी बहुधा जाईल.

जबाबात साक्षीदार म्हणून तुझं नाव घातलंय. तू येशील, हे माहीत आहे. फक्त तिथे मला पाहून मवाळ होऊ नकोस. मी भाऊ आहे म्हणून एक शब्दही गाळू नकोस.

खिडकीतला,
दादा