कौसाबाईंची न घेतलेली मुलाखत

१० नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीनंतर शाळा सुरू. सातवी ब. पहिल्याच दिवशी दोन प्रोजेक्ट. विज्ञानात पाणी गाळायचा फिल्टर, जोडीने. इतिहासात परिसरातल्या एका वयस्कर माणसाची मुलाखत, एकट्याने. १३ डिसेंबरला प्रदर्शन. म्हणजे महिना आहे. महिना खूप असतो.
फिल्टरसाठी सरांनी भूपेशला माझ्या जोडीला दिलं. तो सोनिवली गावातला, आम्ही सोनिवलीच्या नवीन बिल्डिंगमधले. तो कमी बोलतो. बरंय, एक डोकं पुरतं. मी लीडर झालो.
दोन्हीत पहिला नंबर आणायचं ठरवलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
मुलाखतीसाठी माणूस फिक्स. भूपेशची आजी, कौसाबाई. रोज सकाळी आमच्या गेटवर भाजी विकते. आई मेथी तिच्याकडूनच घेते. भूपेश म्हणाला, "आमचं शेत तुमच्या बिल्डिंगच्या खालीच होतं." वा! आयता इतिहास. मला फक्त लिहून काढायचंय.
आजींना विचारलं. म्हणाल्या, रविवारी चार वाजता घरी ये, निवांत सांगते. फोटो काढणार का, असंही विचारलं. मी म्हटलं, ऑफ कोर्स.
हिमानीताईला सांगितलं. ती दहावीला आहे म्हणून तिला सगळं कळतं. म्हणाली, तू जाणारच नाहीस. जळते.

१६ नोव्हेंबर, रविवार, रात्री ८
तीन वाजता तयार होतो. वही, पेन, नेटवरून काढलेले पंधरा प्रश्न, सगळं. तीन वाजून पाच मिनिटांनी मित्राने, पुष्करने, मोबाइलवर गेमला बोलावलं. टीममध्ये एक कमी होता. टीमला असं सोडून जाणं माझ्या स्वभावात नाही.
सव्वासहाला पाहिलं तर अंधार. अंधारात म्हाताऱ्या माणसांना त्रास देऊ नये.

१७ नोव्हेंबर, सोमवार
भूपेश म्हणाला, आजी काल भात झोडायला गेली नाही. तुझ्यासाठी घरी थांबली. घावणे केले होते. फोटोसाठी नवं लुगडं नेसून ओटीवर बसली होती, दिवे लागेपर्यंत.
मी म्हटलं, पोट बिघडलं होतं.
तो म्हणाला, मग ओव्याचं पाणी पी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आजपासून मागच्या गेटने शाळेत जाणार. तो रस्ता लांब पडतो, पण चालणं आरोग्याला चांगलं. गेटवर कोण बसतं याच्याशी याचा संबंध नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
फिल्टर मीटिंग, आमच्या गच्चीवर. भूपेशने बाटल्या, वाळू, खडी, कोळसा सगळं आणलं. मी नाव आणलं : 'यज्ञेश ॲक्वा'. तो म्हणाला, कोळसा आधी चार पाण्यांनी धुवायला लागतो. मी म्हटलं, टाइम वेस्ट. मी लीडर असल्यामुळे न धुताच भरला. गढूळ पाणी घातलं, खाली काळं आलं. आत टाकलं त्यापेक्षा काळं.
भूपेशला म्हटलं, तू बाटली नीट कापली नाहीस. बाटली मीच कापली होती.
फिल्टर तो घरी घेऊन गेला. आता इतिहासावर फोकस.

२४ नोव्हेंबर, सोमवार
मागच्या गेटवर कौसाबाई भेटल्या! भाजी संपवून शॉर्टकटने घरी चालल्या होत्या. म्हणाल्या, "काय रं पोरा, पोट बरा झाला का? ये मंग कवा पन." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी "हो हो" म्हणून पळालो. हातात मुळ्याची जुडी होती, ती त्यांनी कधी दिली तेही कळलं नाही.
आईने जुडी बघितली. म्हणाली, पैसे दिलेस का? नाही. आई स्वतः गेली द्यायला. त्यांनी घेतले नाहीत.

३० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी ७
उद्या इतिहासाची फाइल द्यायची. आता जाऊन उपयोग नाही. भूपेशच्या काकाचं लग्न आहे, त्यांच्याकडे मांडव घातलाय, आजी बिझी असणार. मी त्यांचाच विचार करतोय.
शांतपणे विचार केला. इतिहास म्हणजे काय? जे होऊ शकलं असतं ते. मी लिहायला बसलो आणि लेखणी थांबेचना. सहा पानं! कौसाबाईंचे पती पुरात नदीत बुडाले. मुलाने त्यांना घराबाहेर काढलं. तेव्हापासून त्या अनवाणी भाजी विकतात. शेवटी त्या माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, "बाळा, शिक, मोठा हो." लिहिताना माझेच डोळे भरून आले.
फाइल इतिहासाच्या मॅडम वाचतील, सही करतील आणि ती कपाटात जाईल. कोणाचंच नुकसान नाही.
झोपताना मात्र मुळ्याची जुडी आठवली. भाजी करून संपली आहे.

३ डिसेंबर, बुधवार
विनिता मॅडमनी माझी मुलाखत वर्गात मोठ्याने वाचली! अख्खा वर्ग शांत. 'शिक, मोठा हो' ला मॅडमनी चष्मा काढून पुसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भूपेश हळदीसाठी चार दिवस रजेवर, म्हणून वाचलो. म्हणजे, म्हणून त्याला ऐकायला मिळालं नाही.
मला वाटतं मी लेखक आहे.

८ डिसेंबर, सोमवार
वाईट बातमी. मॅडमनी माझी सहाही पानं मोठ्या अक्षरात काढून घेतली. प्रदर्शनाच्या दारातच लावणार. शिवाय ज्यांच्या मुलाखती झाल्या त्या सगळ्या आजीआजोबांना शाळेत बोलावणार, गुलाबाचं फूल देणार.
मी म्हटलं, मॅडम, कौसाबाई फार आजारी आहेत.
मॅडम म्हणाल्या, अरे, सकाळीच मी त्यांच्याकडून वांगी घेतली. येते म्हणाल्या.

१० डिसेंबर, बुधवार
प्लॅन ए : पानं फाडणं. शिपाईमामा दारातच बसतात.
प्लॅन बी : ताप. थर्मामीटर चहात घातला, त्याने एरर दाखवला. बाबा अंबरनाथच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहेत. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, काय केलंयस? मी म्हटलं, काही नाही.
तेव्हा सांगायला पाहिजे होतं. बाबा बूट काढायचे थांबले होते, ऐकायला तयार होते. मी म्हटलं, काही नाही.

१३ डिसेंबर, शनिवार
लिहिणार नव्हतो. लिहितो.
सकाळी दहाला ते सगळे आले. कौसाबाई, नव्या लुगड्यात. भूपेशचे बाबा. आणि पांढरा सदरा, टोपी घातलेले एक उंच म्हातारे. भूपेशचे आजोबा, जयदेव. ते आहेत हे मला माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.
कौसाबाईंना वाचता येत नाही. त्या पानांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, वाचा की, माझं काय लिवलंय. आजोबांनी चष्मा लावला. बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागले. दुसऱ्या पानावर बोट थांबलं. म्हणाले, "इथं मी बुडालो असं लिवलंय."
कौसाबाईंनी त्यांच्याकडे वरून खाली पाहिलं. "अवं, तुमी कवा बुडालाव?"
लोक हसले. आजोबा पण हसले. म्हणाले, परवाच तर नदीवरून मासे आणले, आता बुडालेल्या माणसाने आणले म्हणून सांगायला पाहिजे. मला वाटलं, चला, जमलं, विनोद झाला. मी पण थोडा हसलो.
मग तिसरं पान. ते भूपेशच्या बाबांनी स्वतःच वाचलं, मनातल्या मनात. मुलाने आईला घराबाहेर काढलं. तिथे माझ्या वर्गातले चार-पाच जण त्यांच्याकडेच बघत होते. एक बाई तर दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. आईच्या हातातली पिशवी भूपेशच्या बाबांनी आपल्या हातात घेतली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.
कौसाबाईंनी मला शोधलं. मी पाण्याच्या टाकीमागे होतो. त्या जवळ आल्या. म्हणाल्या, "मी तुला काय सांगनार व्हते, ते तरी इचारायचा." एवढंच.
मॅडमनी पानं स्वतः काढली. गुलाब द्यायचे राहिलेच.
दुपारी निकाल. फिल्टरला दुसरा नंबर. भूपेशने कोळसा धुवून, घरी बसून, पुन्हा बांधला होता. पाणी काचेसारखं स्वच्छ. समोर चिठ्ठी : भूपेश आणि यज्ञेश. माझं नाव त्याने खोडलं नव्हतं. स्टेजवर आम्ही शेजारी उभे होतो. त्याने सर्टिफिकेटची एक बाजू धरली, मी दुसरी. फोटो काढणाऱ्याने तीनदा सांगितलं, एकमेकांकडे बघा. तो समोर बघत राहिला.
घरी आईला फक्त दुसरा नंबर सांगितला. तिने शिरा केला. खाल्ला.

१४ डिसेंबर, रविवार
आज स्वतःहून कौसाबाईंकडे गेलो. मॅडमनी शून्य मार्क देऊन पुन्हा लिहायला सांगितलंय, पण मी तसाही गेलोच असतो. बहुतेक.
दारात भूपेश होता. ये म्हणाला नाही, नको पण म्हणाला नाही. बाजूला झाला. आजी शेंगा निवडत होत्या. म्हणाल्या, बस.
वही उघडली. पंधरा प्रश्न. पहिला वाचला : 'आपले बालपण कोठे व कसे गेले?' त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि मलाच विचारलं, तुझी आजी कुठे असते? म्हटलं, उल्हासनगरला, कॅम्प पाचला, काकाकडे. तिचं माहेर कुठलं? माहीत नाही. भावंडं किती? माहीत नाही. तिला काय खायला आवडतं? मी म्हटलं, बहुतेक शिरा. तो मला आवडतो.
त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आदी तिच्याकडं जा. तिला इचार. मंग माज्याकडं ये."
सात मिनिटांत बाहेर. वहीत एक ओळ नाही.
अंगणात भूपेशचे बाबा पेंढ्याचे भारे बांधत होते. येताना सबंध रस्ताभर मी वाक्य पाठ केलं होतं : काका, मी खोटं लिहिलं, माझं चुकलं, सॉरी. सात शब्द, मोजले होते. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्यांनी दोरीला गाठ मारली आणि मान वर करून विचारलं, झालं का काम?
मी म्हटलं, "हो काका. येतो."
ते म्हणाले, सांभाळून जा, पुढे रस्ता खणलाय.