नवा मॉड्यूल अजून खोक्यातच

डोंबिवली, रविवार संध्याकाळ

आजही नवा मॉड्यूल खोक्यातून काढला नाही. सुटे मॉड्यूल वायरींनी जोडून आवाज काढणारा हा सिंथेसायझर बांधायला घेतला तेव्हा चौकटीत तीनच मॉड्यूल होते, आता जागा उरलेली नाही. घोडबंदर रोडच्या मित्राकडून आणलेला हा बसवायचा, तर सगळ्या वायरी उपसून बाकीचे सरकवावे लागतील. आणि वायरी उपसल्या की आत्ताचा आवाज गेला. वायरी-बटणांचा फोटो काढून ठेवलाय, पण एखादं बटण केसभर हललं तरी तो परत येईलच असं नाही.

एरवी मला त्याचं काही वाटलं नसतं. पण या आवाजाबरोबर आई गुणगुणते. बाबा गेल्यापासून तिच्या तोंडून सूर ऐकला नव्हता. बहीण मेधा म्हणाली, "अरे, मग रेकॉर्ड करून ठेव ना." केलं. ते लावलं, तर आई गप्प. का? आवाज तोच ना? की चालू यंत्र सारखं थोडं थोडं बदलत असतं, ते तिला कळतं? की मीच उगाच अर्थ लावतोय?

शेवटी आज तिलाच विचारलं, खोकं उघडू का.

"उघड ते खोकं एकदाचं. रोज तीच घरघर, कान किटले माझे."

म्हणजे मी हे तिच्यासाठी जपत होतो, की नवं जमणार नाही म्हणून टाळत होतो? जरा खट्टूच झालो. पहिल्या वायरीला हात घातला, तर आई आतून ओरडली, "अरे थांब! माझं गाणं म्हणून होऊ दे."

खोकं परत कपाटावर ठेवलं. आता तिचं कोणतं बोलणं खरं मानू?