मागच्या डाव्या चाकाचा प्लग

बाबा,

आज गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. परत घ्यायला गेलो तर शेजारी उभ्या असलेल्या एका जुनाट गाडीच्या डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा पेटलेला दिसला, एबीएसचा. तिथल्या माणसाने मला हाक मारली म्हणे, मला ऐकूच गेली नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि माझे केस तुमच्यापेक्षा पांढरे झाले, पण तो दिवा दिसला की मी अजूनही एडिसन गावातल्या आपल्या घराखालच्या त्या पार्किंग लॉटमधे जाऊन उभा राहतो. म्हटलं, तुम्हालाच लिहावं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, एवढंच ना?

आई गेली त्या वर्षी मी हट्टाने तुम्हाला इकडे परदेशात आणलं. तुमचं सगळं आयुष्य बँकेत गेलं, पण नागपूरला दर रविवारी व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून स्कूटर उघडायची आणि संध्याकाळपर्यंत हात काळे करून घ्यायचे, हा तुमचा खरा धर्म. इथे ना व्हरांडा, ना स्कूटर. मी सकाळी ट्रेन पकडायचो, सूनबाई ऑफिसला, नात शाळेत. तुम्ही खिडकीशी खुर्ची ओढून दिवसभर पार्किंग लॉट बघत बसायचात. जेवलात का विचारलं की "हो" म्हणायचात आणि पातेल्यातला भात जसाच्या तसा. दाढी करायचं सोडलंत, पेपर वाचायचं सोडलंत. खरं सांगतो, मला तुमची भीती वाटायला लागली होती. हा माणूस आजारी न पडता, नुसता बसल्या बसल्या संपेल असं वाटायचं आणि ऑफिसात माझं लक्ष लागायचं नाही.

गाडी मी ऑफिसातल्या एका पुण्याच्या मुलाकडून घेतली होती. ले-ऑफमधे त्याची नोकरी गेली आणि तो घाईने परत निघाला. किल्ली देताना म्हणाला, "एबीएसचा लाइट ऑन असतो, यार. इग्नोर मार. साधे ब्रेक मस्त आहेत." त्यालाही ती कुणा देशी माणसाकडूनच मिळाली होती आणि किल्लीबरोबर हा सल्लाही. आम्ही तो मुकाट्याने पाळला. तुम्ही नाही पाळलात. पहिल्यांदा पुढे बसलात तेव्हाच म्हणालात, "मग दिवा दिलाय कशाला? शोभेला?" कितीतरी दिवसांनी तुमच्या तोंडून असं पूर्ण वाक्य ऐकलं.

मग आमचे शनिवार सुरू झाले. मी नेटवर वाचून काढलं. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, तो चाकाचा वेग गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो. एक जरी सेन्सर गप्प झाला तरी कॉम्प्युटर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकून गाडी घसरू नये म्हणून केलेली सोय, बंद करतो आणि दिवा लावतो. साधे ब्रेक तेवढे चालू राहतात. डॅशबोर्डच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात वायरचा तुकडा जोडला की तोच दिवा लुकलुकतो आणि कुठलं चाक बिघडलंय ते सांगतो. मी आत बसून लुकलुक मोजतोय, तुम्ही बाहेर माकडटोपी घालून, माझं जुनं जॅकेट चढवून उभे आहात. "पुढचं डावं," मी ओरडतो. बर्फ वितळावा म्हणून इथे रस्त्यावर टाकतात त्या मिठाने सेन्सरखाली गंज फुगला होता. तुम्ही तो पॉलिशपेपरने असा घासलात की जणू आईचं चांदीचं तबकच. दिवा विझला. त्या दिवशी तुम्ही भात मागून घेतलात.

पुढच्याच आठवड्यात दिवा पुन्हा लागला. आता पुढचं उजवं, सेन्सरच्या वायरचा प्लग निसटलेला. तो बसवला, तर काही दिवसांनी मागचं उजवं. मागच्या चाकांचे प्लग सीटखाली, तिथे ना मीठ ना पाणी, तरी प्लग बाहेर. मग माझी ट्यूब पेटली. पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं. गंजाला प्रदक्षिणा कशी ठाऊक असेल, बाबा? तुम्हीच एकेक प्लग उपटत, देवाला उदबत्ती ओवाळावी तशी गाडीची फेरी पूर्ण करत होतात. मला आधी हसू आलं, मग किचनमधे जाऊन मी नळ सोडून रडलो. मला कळलंय हे तुम्हाला दाखवलं नाही. गंभीर चेहऱ्याने वायर घेऊन खाली यायचो आणि तुम्ही तितक्याच गंभीरपणे म्हणायचात, "ह्या देशातलं मीठ फार वाईट." वरून बाल्कनीतून नात ओरडायची, "आजोबा, इज द कार सिक अगेन?" आणि तुम्ही खुशीत, "येस येस, व्हेरी सिक!" दाढी पुन्हा रोज व्हायला लागली होती. असला दिवा जन्मभर लागलेला मला चालला असता.

त्या शुक्रवारी तो लागला तेव्हा मी लुकलुक मोजलीच नाही. आता मागच्या डाव्याची पाळी होती. पण शनिवारी मला घरूनच ऑफिसच्या नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज सांभाळायचं होतं, आपली दुरुस्ती होणार नव्हती, आणि सूनबाई हीच गाडी घेऊन नातीला डान्स क्लासला नेणार होती. रात्री फ्रीझिंग रेन, म्हणजे रस्त्यावर पडताक्षणी गोठणारा पाऊस, पडणार असं सगळे सांगत होते. म्हणून संध्याकाळी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून सामान घेऊन आलो तेव्हा, पिशव्या काढतोय असं दाखवत मी मागची सीट उचलली, प्लग दाबून बसवला आणि 'टक्' आवाज ऐकला. तुम्हाला कळलं तर कळलं, नाही तर नाही, असा विचार करून वर आलो.

सकाळी क्लासला जाताना वळणावर सूनबाईच्या हातून गाडी घसरली. गोल फिरली आणि मागचं डावं चाक रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटलं. नातीचा ओठ फाटला, गुलाबी जॅकेटवर रक्त. सूनबाई नातीला जवळ धरून घरात आली. "मला ही गाडी नकोय. मी ब्रेक मारला तर लागलेच नाहीत." ती कुणालाच उद्देशून बोलली नव्हती, पण तुम्ही दारातच उभे होतात. दुपारी ओढून आणलेली गाडी बघायला तुम्ही खाली गेलात. चाक वाकडं झालं होतं आणि सेन्सरची वायर सीटखालच्या प्लगसकट उपटून लोंबत होती. त्या वायरीवरून आता काहीही सिद्ध होण्यासारखं नव्हतं. दोन दिवस तुम्ही पुन्हा खिडकीशी जाऊन बसलात.

सोमवारी मी बूट घालत असताना म्हणालात, "ते माझ्यामुळे झालं." मी लगेच सगळं सांगितलं. मला माहीत होतं, बाबा. शुक्रवारी प्लग मी बसवला होता. एबीएस चालू होतं. तसल्या बर्फावर कुठल्याही ब्रेकचं काही चालत नाही, मेकॅनिकसुद्धा तेच म्हणाला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "असू दे. मला बरं वाटावं म्हणून तू काहीही सांगशील. इतके शनिवार तेच तर करतोयस."

म्हणजे मला कळलंय हे तुम्हालाही कळलं होतं. आपण दोघं एकमेकांना इतकं जपत होतो की खरं बोलायची वेळ आली तेव्हा तेही जपणंच वाटलं. मी पुन्हा सांगितलं, चिडून सांगितलं. जितका चिडलो तितका तुम्हाला माझा कळवळा दिसला. तुम्ही नागपूरला परतायचं तिकीट अलीकडचं करून घेतलंत. त्यानंतर फोनवर दर वेळी एकच विचारायचात, "तिचा ओठ कसा आहे?" तो केव्हाच भरून आला होता, मी सांगायचो. पुढच्या वेळी पुन्हा तेच. शेवटच्या फोनवरही तेच.

म्हणून आज पुन्हा लिहितोय, प्लग बसवलेला होता. पण आता तुमच्याशी खोटं बोलून काय मिळवायचं? बसवल्यावर गाडी सुरू करून दिवा विझला की नाही ते मी बघितलं नव्हतं. तुम्ही खिडकीशी होतात, लावलेली गाडी पुन्हा का सुरू केली म्हणून विचारलं असतंत. मी फक्त 'टक्' ऐकलं होतं. एबीएस चालू असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली पेडल थरथरतं. त्या सकाळी ते थरथरलं की नाही, हे एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि ती, तुमची सूनबाई, आत्ता पलीकडच्या खोलीत टीव्ही बघतेय. मी तिला अजून विचारलेलं नाही.