कापूस लोटणारा हात

प्रिय भाऊ,

तुझ्या चित्रपटांचा महोत्सव काल अमरावतीत संपला. तू गेल्यावर तुला पत्र लिहीन, असं वाटलं नव्हतं. पण आईने एक प्रश्न विचारला आहे. उत्तर ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले.

तीन दिवस तुझा अंधार पाहिला. बिनतोंडाची माणसं, पाण्याखालचं अकोला स्टेशन, झाडाला टांगलेली दारं. लोक भारावले होते. तू असतास तर मागच्या दाराने निघून गेला असतास, नाही का?

शेवटी तुझा पहिला चित्रपट. छतापर्यंत कापूस. एक लहान हात वरून कापूस लोटतो. लाल रिबिनीची वेणी हळूहळू आत जाते.

"तो हात कोणाचा?" एका मुलीने विचारलं.

"नियतीचा," मंचावरचे प्राध्यापक म्हणाले. टाळ्या!

मी माझे हात पदराखाली घेतले.

तुझा एकही चित्रपट तू आईला पाहू दिला नाहीस. काल मीच तिला नेलं. का नेलं? टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली, "हे त आपल्या नलूची येणी हाय."

"आई, सिनेमा आहे तो."

"मले नको शिकवू. रिबीन म्या बांधली होती. तुमी दोघं म्हणे, आमी तिथी नोतोच. मंग त्यानं हे पायलं कवा वं?"

बाबा अकोटच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. आपण तिथे लपाछपी खेळत होतो. राज्य तुझ्यावर होतं. धाकट्या नलूला मी कापसाच्या गंजीत बसवलं, वरून कापूस लोटला. तू बोटांच्या फटीतून पाहत होतास. मग गंजी घसरली.

मी म्हणाले, "सांगू नको." तू नाही सांगितलंस. संध्याकाळी हमालांनी तिला बाहेर काढलं, तेव्हा श्वास नव्हता.

जन्मभर माझं गुपित पाळलंस, भाऊ. आणि ते साऱ्या जगाला दाखवलंस! तो हात मला वाचवण्यासाठी बिनचेहऱ्याचा ठेवलास, की मला ओळखता यावा म्हणून? हे तुला कधी विचारलं नाही. भीती वाटायची.

आज दुपारच्या एसटीने आईला अकोटला परत नेते आहे. तिने प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. सकाळपासून जेवलीही नाही.

वाटेतलं अंजनगाव यायच्या आत सांगेन. तिचा हात हातात घेऊन सांगेन. तिने तो सोडवून घेतला, तर घेऊ देईन.

तुझी,
शकू