कोल्ह्याचा गोग्रास

अल खर्ज, २६ जानेवारी १९९१.

आज दुपारी चार वाजता इस्पितळाने माझ्या सुनेचं, सुनंदाचं ऑपरेशन पुढे ढकललं. "आंटी, पलंग जखमी सैनिकांसाठी राखलेत. लढाई खलास होऊ दे," डॉक्टर म्हणाले. कधी होणार? खांदे उडवले मेल्याने.

तिच्या यकृतात पट्टकृमीची नारळाएवढी गाठ आहे. फुटली तर? लिहवत नाही. शहर असो की शेत, कोल्ह्यांच्या विष्ठेतून या कृमीची अंडी पसरतात म्हणे. आणि आमची ही, सहा वर्षं पुदिन्याच्या वाफ्याशी गोग्रास ठेवतेय! इथे आखातात दारात गाय कुठली? कोल्हा यायचा. "मुका जीव आहे हो, आई." त्याच वाफ्यातला पुदिना चटणीला.

क्षेपणास्त्रातून विषारी वायू येईल म्हणून खिडक्या चिकटपट्टीने बंद केल्यात, आणि हे हिच्या पोटात वाढत होतं. संध्याकाळी पुदिना मुळासकट उपटला. हातांचा वास जात नाही.

सुनंदा विचारते, "आई, तारीख मिळाली?"

माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, ओरडू नका, लेखी मागा. उद्या इस्पितळाला तसंच लिहून देणार: पलंग कोणत्या दिवशी देता ते बुधवारी दुपारी बाराच्या आत लेखी कळवा. तोवर मी तुमच्या दारातून हलणार नाही.