राहूच्या पाहुणीची ओटी

सोम., ३ फेब्रु.
शिरूर कोर्ट. जज्जसाहेब रजेवर. पुढची तारीख १७, त्या दिवशी माझी उलटतपासणी. जळालेल्या मोटारी भरायचं दुकान उगाच बंद ठेवलं.
वकीलबाई खुशीत. म्हणाल्या, "सातबाऱ्यावर एकट्या दत्तूचं नाव होतं. तुम्ही चौकशी करून, पूर्ण किंमत देऊन घेतलंत. दुसऱ्या कुणाचा हक्क ठाऊक नव्हता. अशा खरेदीदाराला कायदा सहसा उघड्यावर टाकत नाही." एकरभर अंजिराची बाग जाते की राहते, या धाकात वर्ष काढलं. बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.
दत्तू विकून पुण्याला गेला, आता फोनही घेत नाही. बापाच्या जमिनीतल्या हिश्श्याचा दावा त्याच्या बहिणीचा, सुमनचा. राहू गावात दिलेली. व्हरांड्यात समोर आली. मी मान वळवणार, तर म्हणाली, "ताई बऱ्या हायेत ना? त्यांनी दिलेल्या खणाची चोळी लई दिस घातली मी."
माझ्या बायकोला, शालनला, ही कुठून ओळखते?

गुरु., ६
शेजारच्या बांधाचे आबा साक्षीदार म्हणून शपथपत्रावर सही करायला आले. मांडवगणहून शिरूरपर्यंत माझ्या गाडीवर, कमरेला पट्टा बांधून. वकीलबाईंना म्हणाले, "ह्यो चारी बांध फिरला. भाऊबंद कोण हाय, इचारलं. आमी म्हणलं, दत्तू एकलाच."
भाडं नाही, चहा नाही, काही घेईनात. असा शेजार नशिबानं मिळतो.
खरेदीआधी पेपरात जाहीर नोटीस द्यायला शालननेच लावलं होतं. तेव्हा मी तिला 'वकीलसाहेब' म्हणून चिडवायचो. आज तेच कात्रण फाइलमध्ये सगळ्यात वर. शा.चे उपकार कबूल.
चोळीचं विचारायचं राहिलंच.

रवि., ९
जुन्या वह्या काढल्या. इसाराचा दिवस, अक्षर माझंच: "इसार दिला. शा.ने दत्तूच्या बायकोची आणि राहूच्या पाहुणीची ओटी भरली."
खरेदीखत त्यानंतर महिन्याने.
शा. भाजी निवडत होती. म्हणाली, "दत्तूची बहीण की ती. माहेरपणाला आली व्हती."
मला का नाही सांगितलंस?
"तुम्ही कुठं इचारलं? पुरुषांत भाऊबंदांचं चाललं व्हतं."
चारी बांध फिरलो आणि बहीण हा शब्द एकदाही तोंडात आला नाही. आबांच्याही नाही. आम्हाला दोन मुलीच, तरीसुद्धा. लाज वाटली, खोटं कशाला लिहू.

मंगळ., ११
वकीलबाईंना फोन. वहीतली ओळ वाचून दाखवली. म्हणाल्या, "तुम्हाला स्वतःला ठाऊक होतं?"
नव्हतं.
"मग तेच सांगायचं. विचारलं तर खोटं बोलू नका. विचारलं नाही, तर वही आपणहून काढू नका." वर म्हणाल्या, "ठाऊक नसणं आणि विचारलंच नसणं, यात समोरचे वकील फरक काढतील. काळजी घ्या."
बाईंनी रागावून फोन ठेवला असता तरी चाललं असतं. उलट शा.ची तब्येत विचारली.

शनि., १५
बागेला पाणी. फळ पिकायला लागलंय. सुमनने यातली कधी खाल्ली की नाही, कोण जाणे. लहानपणी याच रानात तण भांगलत असेल. आबा म्हणाले, "व्हय, बापाच्या मागं मागं असायची." हे त्यांनी आज सांगितलं. मी आज विचारलं.

सोम., १७, सकाळ
शा.ने पिशवी भरली. खरेदीखत, कात्रण, भाकरी. वर पानांत गुंडाळलेली अंजिरं.
ही कुणाला?
"तिला. तिच्या बापाच्या रानातली हायेत. निकाल काय बी लागू दे."
एवढ्या वर्षांच्या संसारात हिने मला किती वेळा सावरलं, मोजलं नाही कधी. आज डोळ्यांत पाणी आलं, तिने पाहिलं नसावं.
जुनी वही टेबलावर होती. तिने हात लावला नाही, मीही नाही. एसटीचा हॉर्न वाजला तेव्हा उचलून भाकरीखाली सारली. कोणी विचारलं नाही तर काय करायचं, ते शिरूर येईपर्यंत ठरवायचंय.